आधी औषध, मग कारण : स्किझोफ्रेनियाच्या जैविक कारणमीमांसेची पार्श्वभूमी

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे, म्हणजे या आजाराच्या नावापेक्षाही जुने. भास आणि संशय यांनी माणसाला ग्रासणाऱ्या या मनोविकाराला स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले ते १९०८ मध्ये. त्याआधी जर्मनीत क्रेपेलिनने हा आजार इतर मनोविकारांपासून वेगळा काढला होता, आणि त्याचे मूळ मेंदूतच आहे यावर तो ठाम होता. १९१३ मध्ये ‘जनरल पॅरालिसिस’ (वेड आणि लकवा आणणारा आजार) झालेल्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दिसले, तेव्हा इथेही असेच एखादे कारण सूक्ष्मदर्शकाखाली हाती लागेल अशी आशा वाढली. तसे काही लागले नाही. पुढे इन्सुलिनने बेशुद्ध करणे, मेंदूतले तंतू कापणे असे उपाय झाले; कारण कळले नाही ते नाहीच.

ते कळू लागले औषधांमुळे. आधी गुण आला, तो का आला हे नंतर शोधले गेले. यातली एक वाट आपल्या रानातून जाते. कोकणातल्या दमट जंगलातही उगवणाऱ्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाब आणि वेड या दोन्हींवरचा उपयोग सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवला. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा परिणाम जगापुढे ठेवला. १९५२ मध्ये मुळीतून रेसरपिन वेगळे निघाले आणि ते अमेरिकेत मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. रक्तदाब फार उतरे, काहींना नैराश्य येई, म्हणून ते मागे पडले. पण स्वीडनच्या कार्लसनने १९५७ मध्ये सशांना ते टोचले तेव्हा ससे कान पाडून निपचित पडले आणि एल-डोपा देताच पुन्हा उठून हालचाल करू लागले. रेसरपिन मेंदूतला डोपामिनचा (पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या रसायनाचा) साठा रिकामा करते आणि एल-डोपा तो भरून काढते, हे त्यातून उलगडले.

त्याच सुमारास, १९५२ मध्ये, पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनने भास आणि संशय ओसरताना दिसले. (हे औषध घेणाऱ्याची कातडी उन्हात लवकर भाजते, होडीवर जाणाऱ्याने अंग झाकूनच जावे.) अशी औषधे डोपामिनचे ग्राहक (पेशीवरच्या ज्या जागांना डोपामिन चिकटते त्या) अडवतात, हे १९६३ ते १९७६ या काळात स्पष्ट झाले. यांतल्या डी-२ नावाच्या ग्राहकाला औषध जितके घट्ट चिकटते तितका डोस कमी लागतो : १०० मिलिग्रॅम क्लोरप्रोमाझिनचे काम याच गटातले हॅलोपेरिडॉल साधारण २ मिलिग्रॅममध्ये करते. सुमारे ६५ टक्के ग्राहक अडले की गुण येऊ लागतो, ८० टक्क्यांच्या आसपास गेले की अंग आखडते, हात थरथरतात.

घरचे नेमके इथे घाबरतात. हॅलोपेरिडॉल सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलग्यांमध्ये, मान एका बाजूला वळून अडकते, बुबुळे वर चढतात, जबडा आवळतो. अशा वेळी गाऱ्हाणे घालण्यात रात्र घालवू नये, जवळचे रुग्णालय गाठावे. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने हे बहुधा अर्ध्या तासात सुटते. मग डोस कमी होतो किंवा औषध बदलते. औषध परस्पर बंद केले तर आजार उलटण्याची शक्यता मोठी.

डोपामिनने सगळे सुटले नाही. कानात येणारे आवाज थांबतात, पण माणूस पडवीत एकटाच बसून राहतो, आंघोळीलाही उठत नाही. यावर या गोळ्यांचा उपयोग तोकडा. क्लोझापिन हे औषध डी-२ ला सैलच चिकटते, तरी १९८८ च्या अमेरिकी चाचणीत, इतर औषधांनी न सुधारलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के त्याने सुधारले. क्लोरप्रोमाझिनवर ४ टक्के. क्लोझापिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. विडी ओढणाऱ्याने ती अचानक सोडली तर रक्तातले क्लोझापिन वाढते. डॉक्टरांना आधी सांगावे. केटामाइन या भुलीच्या औषधाने धडधाकट माणसातही अशीच काही लक्षणे तात्पुरती उमटतात, त्यावरून ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाकडे लक्ष गेले. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे औषध तर डोपामिनच्या ग्राहकांना थेट हातच लावत नाही.

आनुवंशिकतेचा शोध वेगळ्या रस्त्याने आला. १९४८ नंतर अमेरिकेत आईच्या वागण्याला दोष देण्याची लाट होती. आपल्याकडे तोच दोष पितरांवर किंवा कुणाच्या करणीवर जातो. संशोधक हेस्टनने १९६६ मध्ये, आजारी आईपासून जन्मतःच दूर वाढलेली ४७ मुले पाहिली. त्यांतल्या ५ जणांना हा आजार झाला. निरोगी आयांच्या ५० मुलांपैकी एकालाही नाही. आईवरचा आरोप त्याने ढिला केला, आणि ते फार मोलाचे होते. तरी सोयरीक जुळवताना ‘त्यांच्या घराण्यात आहे’ म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी : आई किंवा वडील आजारी असले तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना हा आजार होत नाही. २०२२ पर्यंत जनुकसंचातल्या २८७ जागा सापडल्या, बहुतेकींचा परिणाम अगदी थोडा. गर्भारपणातली उपासमारही धोका वाढवते, हे १९४४-४५ च्या डच दुष्काळात ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्यावरून दिसले.

१९७६ च्या सीटी स्कॅनमध्ये रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या रुंद दिसल्या खऱ्या, पण तो समूहाचा सरासरी फरक आहे. एकट्याच्या फिल्मवर निदान होत नाही. सावंतवाडीहून एमआरआयसाठी लांबचा प्रवास करणाऱ्या घरांनी हे आधीच विचारून घ्यावे. तो काढायचा तो गाठ, मेंदूज्वर किंवा फिटचे कारण वगळण्यासाठी. निदान होते ते रुग्णाशी बोलून आणि महिन्यांचा इतिहास ऐकून.