भाजीपाला बियाणे : उगवणशक्तीच्या जलद चाचण्या

प्रमाणित उगवण चाचणी पूर्ण होण्याची वाट न पाहता बियाण्याचा दर्जा अजमावण्याच्या पद्धती. प्रमाणित चाचणीस कांद्याला १२ दिवस, टोमॅटो, वांगी व मिरचीला १४, तर भेंडीला २१ दिवस लागतात. तोवर पेरणीचा हंगाम निघून जाण्याची भीती असते.

सर्वांत रुळलेली पद्धत टेट्राझोलियम चाचणी. भिजवलेल्या बियांचा छेद घेऊन त्या टेट्राझोलियम लवणाच्या ०.१ ते १ टक्का द्रावणात, सुमारे ३०° से. तापमानाला, अंधारात ठेवतात. जिवंत पेशींतील डीहायड्रोजनेज विकरांमुळे (एन्झाइम) रंगहीन लवणापासून फॉर्मॅझन हे तांबडे रंगद्रव्य बनते. एक-दोन दिवसांत निकाल हाती येतो. या चाचणीचे श्रेय सामान्यतः होहेनहाइम (जर्मनी) येथील गेऑर्ग लाकोन यांना देतात. काळ बहुधा १९४२ च्या सुमाराचा. तथापि रंगावरून जीवनक्षमता ओळखण्याची कल्पना त्याआधीची आहे. रशियात नेल्युबोव्ह यांनी १९२० च्या दशकात इंडिगो कार्मिन वापरले होते. त्याने मृत ऊतक निळे होते. जपानमध्ये हासेगावा यांनी १९३० च्या दशकात टेल्यूरियमची लवणे वापरली. लाकोन यांनीही आधी सेलेनियमची विषारी लवणेच हाताळली होती. त्यामुळे त्यांचे खरे योगदान रंगद्रव्यापेक्षा वाचनपद्धतीत मानणे अधिक सयुक्तिक वाटते : भ्रूणाचा नेमका कोणता भाग रंगला, हे त्यांनी निर्णायक ठरवले. कांद्याच्या बीत वेटोळे घातलेल्या भ्रूणाचे मूलाग्र (मुळाचे टोक) पांढरे राहिले, तर उरलेला भ्रूण तांबडा असूनही बी सहसा बाद धरतात.

वाटाण्यासाठी विद्युत् वाहकता चाचणी विशेष उपयोगी आहे. ५० बिया २५० मिलि. शुद्ध पाण्यात २०° से. ला २४ तास ठेवून पाझरलेल्या क्षारांमुळे वाढलेली वाहकता मोजतात; बी कमकुवत असेल तेवढे क्षार अधिक पाझरतात. प्रतिग्रॅम २५ मायक्रोसीमेन्स प्रतिसेंमी. पेक्षा कमी वाचन आले, तर बियाणे थंड, ओल्या जमिनीतील लवकरच्या पेरणीसही योग्य समजतात. ४३ च्या वर गेल्यास पेरणीस अयोग्य. मुळ्यासाठी २०° से. ला ४८ तासांनी मूलांकुर (पहिले कोवळे मूळ) फुटलेल्या बियांची टक्केवारी काढतात.

या चाचण्या एकमेकींना पर्याय नव्हेत. टेट्राझोलियमने जीवनक्षमता (बी जिवंत आहे की नाही) कळते, तर वाहकता व मूलांकुर चाचण्यांनी जोम, म्हणजे शेतात जोरकस उगवण्याची क्षमता. सुप्तावस्थेतील बीही तांबडे होते, पण पेरल्यावर लगेच उगवत नाही. बुरशीचा प्रादुर्भावही रंगावरून नीट कळत नाही. शिवाय वाटाणा व मुळा यांचे वरील निकष इतर भाज्यांना जसेच्या तसे लावू नयेत.