रेशीम प्युपा तेल

रेशीमकोषांवरचा धागा रीलिंगमध्ये उलगडून झाला की आतला प्युपा, म्हणजे कोषातला किडा, उरतो. त्यापासून काढलेले हे तेल रक्तातील चरबी, विशेषतः ट्रायग्लिसराइड, कमी करणारे संभाव्य पूरक म्हणून अभ्यासले जाते. तुतीच्या पानांवर वाढणाऱ्या बॉम्बिक्स मोरी या जातीच्या सुक्या प्युपात २५ ते ३० टक्के चरबी आणि निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. कोरियात प्युपा उकडून, तर आसाम-नागालँडमध्ये एरी या दुसऱ्या रेशीमकिड्याचे प्युपा भाजून खातात. मराठवाड्यातील कोषांपैकी बरेच रीलिंगसाठी कर्नाटकात जात असल्याने कच्चा माल मुख्यतः तिथल्या केंद्रांवर मिळतो.

या तेलाचे खरे मोल अल्फा-लिनोलेनिक आम्लात आहे. एकूण मेदाम्लांपैकी (चरबीच्या घटक आम्लांपैकी) साधारण ३० ते ४० टक्के हेच ओमेगा-३ आम्ल असते. मात्र दुहेरी बंधांमुळे ते हवेत लवकर खवट होते. कोष गरम पाण्यात शिजवलेले असल्याने रीलिंगनंतरच्या ओल्या प्युपात सुमारे ७५ टक्के पाणी राहते आणि काही तासांतच तो कुजू लागतो. म्हणून त्याच दिवशी धुऊन, ६० ते ७० अंश सेल्सिअसला, पाणी ८ टक्क्यांखाली येईपर्यंत सुकवावे. नंतर दळून हेक्झेन या द्रावकाने किंवा अतिक्रांतिक (उच्च दाबाखाली द्रवासारख्या झालेल्या) कार्बन डायऑक्साइडने तेल वेगळे करतात. १०० किलो ओल्या प्युपापासून ६ ते ७ किलो तेल निघते. हेक्झेन वापरल्यास त्याचा अंश पूर्ण काढावाच लागतो. तेल गडद बाटलीत, हवेऐवजी नायट्रोजन भरून, थंड जागी ठेवावे. मूळ माल कुजलेला असेल, तर नंतरचे शुद्धीकरण वास कमी करते, पण बिघडलेले मेदाम्ल परत आणत नाही. सोडा किंवा साबण लावून धाग्यावरचा डिंक काढलेल्या कोषांचे प्युपा खाण्याच्या तेलासाठी घेऊ नयेत. तुतीवर फवारलेल्या कीटकनाशकाचे अवशेषही तपासावेत.

चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांमध्ये या तेलाने ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल घटल्याचे आढळले आहे. माणसांबाबत एवढी खात्री देता येत नाही. यकृतातून बाहेर पडणारी चरबी मुख्यतः इपीए आणि डीएचए ही माशाच्या तेलातील ओमेगा-३ आम्ले आवरतात आणि त्यासाठी औषधी मात्रा रोज ४ ग्रॅमची आहे. अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा जेमतेम काही टक्के भाग शरीरात इपीए होतो, डीएचए त्याहूनही कमी. ५ ग्रॅम प्युपा तेलातून दीड-दोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. तेवढेच विदर्भात पिकणाऱ्या जवसाच्या सुमारे ३ ग्रॅम तेलातही असते. त्यामुळे माशाच्या तेलाची किंवा स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची जागा हे तेल घेऊ शकत नाही.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. कीटकांना स्टेरॉल (कोलेस्टेरॉल ज्या गटात येते ते पदार्थ) स्वतः बनवता येत नाही. रेशीमकिडा तुतीतील बीटा-सिटोस्टेरॉल या वनस्पती-स्टेरॉलचे कोलेस्टेरॉल करतो, म्हणून प्युपाच्या चरबीत कोलेस्टेरॉलही असते. ‘वनस्पतिजन्य तेलासारखे’ म्हणून ते विकणे बरोबर नाही.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी प्युपा टाळावा, कारण दोन्हींतली ट्रोपोमायोसिन आणि अर्जिनिन कायनेज ही प्रथिने सारखी आहेत. अर्धवट गाळलेल्या तेलातही त्यांचा अंश राहतो.