जपानी किल्ले : ‘मूळ’ म्हणजे नेमकं काय?

जपानमध्ये लढायांचा इतिहास आणि जुनी संस्कृती एकाच फेरीत पाहायची ठरवली की यादीत किल्ले आधी येतात. सामुराई, शोगुन वगैरे सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो समोरच्या उंच मनोऱ्यापाशी. तिकडच्या भाषेत तो ‘तेन्शु’. पण तो कधी बांधलेला?

१६१५मध्ये ‘एका प्रांतात एकच किल्ला’ असा हुकूम निघाला होता. तरी खरी मोडतोड १८७३ची. शोगुनांची सत्ता जाऊन आलेल्या नव्या सरकारने लष्कराला हवे तेवढे किल्ले ठेवले, बाकीचे मोडीत काढले. आपल्याकडे १८१८मध्ये गडांच्या वाटा फोडल्या त्या इंग्रजांनी. तिथे हे घरच्यांनीच केलं. राखलेल्या किल्ल्यांत पलटणी आल्या. १८९४मध्ये चीनशी युद्ध जुंपलं तेव्हा सम्राटाचं लष्करी मुख्यालयच हिरोशिमाच्या किल्ल्यात हललं. तो मनोरा १९४५मध्ये अणुबॉम्बने कोसळला. नागोयाचा त्याआधी, १४ मेच्या हवाई हल्ल्यात जळाला. हिमेजीचा वाचला.

आज १६००च्या आसपासच्या आणि नंतरच्या शोगुनकाळातल्या अशा अस्सल मनोऱ्यांची संख्या फक्त १२. त्यांना ‘गेन्सोन’ म्हणतात, म्हणजे टिकून राहिलेले. बाकीच्यांची जातकुळी नीट पाहावी लागते. ‘फुकुगेन’ म्हणजे पुराव्यानुसार पुन्हा उभा केलेला. ‘फुक्को’ म्हणजे मनोरा पूर्वी होता, पण आताचं रूप हुबेहूब नाही. ओसाकाचा १९३१चा काँक्रीटचा मनोरा या वर्गातला. ‘मोगी’ म्हणजे निव्वळ देखावा. आतामीला तर मुळात किल्लाच नव्हता, तरी १९५९मध्ये पर्यटकांसाठी एक बांधला. माहितीपत्रकात सगळेच ‘किल्ले’.

या शब्दांचा कीस सगळ्यात जास्त पडला नागोयात. तिथला १९५९चा मनोरा बाहेरून जुन्यासारखा, आतून काँक्रीट, आणि आत लिफ्ट. भूकंपात टिकणार नाही म्हणून २०१८मध्ये तो लोकांसाठी बंद झाला. युद्धापूर्वीची मोजणीची रेखाचित्रं आणि छायाचित्रं शाबूत आहेत, तेव्हा जसाच्या तसा लाकडात बांधू, असं शहराने ठरवलं. जसाच्या तसा, म्हणून लिफ्ट नको! व्हीलचेअरवरची माणसं १९५९च्या मनोऱ्यात वर जात होती, नव्यात त्यांना बंदी झाल्यासारखंच. अपंगांच्या संघटना उठल्या. मग छोटी लिफ्ट बसवू, पण कितव्या मजल्यापर्यंत, यावर खल सुरू झाला. २०२३च्या एका नागरिक सभेत व्हीलचेअरवरच्या माणसाला उद्देशून अपमानास्पद शेरे मारले गेले आणि प्रकरण आणखी चिघळलं. २०२२च्या अखेरीस उभा राहायचा मनोरा कागदावरच राहिला. ज्या इमारतीत विजेचे दिवे आणि अग्निशमनाची सोय चालते, तिथे लिफ्टनेच इतिहास बाटतो, हे मला तरी पटत नाही.

नागोयाला गेलात तर शेजारचा राजवाडा पाहा. तो २०१८मध्ये लाकडातच पुरा झाला. जुन्या वाड्यातली सरकत्या दारांवरची चित्रं बॉम्बहल्ल्यापूर्वी हलवली होती म्हणून वाचली. ‘गेन्सोन’ हवा असेल तर रेल्वेने अर्ध्या तासावर इनुयामाचा किल्ला. बूट काढून पिशवीत घालायचे, ती हातात धरून शिडीसारखे उभे जिने चढायचे. मोजे गुळगुळीत लाकडावर घसरतात. गुडघे साथ देत नसतील तर किसो नदीच्या काठावरून पाहावा, तिथूनही छान दिसतो.