एल्कच्या फासळीआड पोहोचणारे पाते

सप्टेंबर लागला की कोलोरॅडोच्या डोंगरांत एल्क नरांची लांबलचक शीळ घुमायला लागते. माजाचा हंगाम असतो तो. एल्क आपल्या सांबराच्याच कुळातला, पण पूर्ण वाढलेला नर 300 किलोंच्या पुढे जातो. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क याच राज्यात आहेत आणि धनुष्यबाणाने त्यांची शिकार करण्याचा परवानाही याच महिन्यापुरता मिळतो. शिकारी दबकत दबकत 25-30 मीटरवर पोहोचतो. तिथून तो जो बाण सोडतो, त्याच्या टोकावरच्या पात्याचे वजन साडेसहा ते आठ ग्रॅम असते.

एल्कसाठी नेहमी वापरली जाणारी थर्टी-ऑट-सिक्स रायफल घेतली, तर तिची गोळी नळीतून निघते तेव्हा तिच्यात सुमारे 3900 ज्यूल ऊर्जा असते. चांगल्या कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या, धनुष्यातून सुटलेल्या बाणात असते जेमतेम 100 ज्यूल. एवढ्या ऊर्जेत धक्क्याने 300 किलोंचे जनावर कोसळणे शक्य नाही. बाण मारतो तो कापून. दोन्ही फुप्फुसांतून धारदार पाते गेले की रक्तवाहिन्या तुटतात, छातीच्या पोकळीत हवा शिरते, फुप्फुसे आक्रसतात, मेंदूचा रक्तपुरवठा खचतो आणि जनावर काही सेकंदांत पडते. पाते बोथट असेल किंवा फासळीवरच अडले, तर तेच जनावर जखम घेऊन मैलोगणती जाते आणि कुठल्या तरी नाल्यात दोन दिवस तडफडून मरते. म्हणून ब्रॉडहेडची, म्हणजे टोकावरच्या या धारदार पात्याची, निवड हा हौसेचा किंवा फुशारकीचा विषय राहत नाही, असे मला मनापासून वाटते. जनावराला होणारी वेदना सेकंदांत मोजायची की दिवसांत, हे त्या निवडीवरही ठरते.

धारेचे महत्त्व शरीराच्या बाजूनेही पाहण्यासारखे आहे. बोथट पात्याने रक्तवाहिनी आधी ताणली जाते, मग फाटते. फाटलेली धमनी आखडते, तिचे आतले अस्तर गुंडाळले जाते, चुरडलेल्या पेशींतून रक्त गोठवणारी द्रव्ये बाहेर पडतात. अपघातात ओरबाडून तुटलेल्या अवयवातून कधीकधी अपेक्षेपेक्षा कमी रक्त जाते ते यामुळेच. वस्तऱ्यासारख्या धारेने सरळ कापलेली वाहिनी मात्र वाहतच राहते.

हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुदू गुहेत सापडलेली सुमारे 64,000 वर्षांपूर्वीची दगडी टोके बाणांची असावीत, असे त्यांच्यावरच्या झिजेच्या आणि डिंकाच्या खुणांवरून संशोधक सांगतात. अलीकडचे उदाहरण इशीचे. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा हा शेवटचा माणूस 1911 मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एकटाच बाहेर आला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात राहिला. तिथल्या रुग्णालयातले शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांची त्याच्याशी मैत्री झाली. इशी ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या नैसर्गिक काचेच्या, बारीक कपच्या काढून टोके घडवी. पोप यांनी ही टोके आणि पोलादी टोके दोन्ही तपासली, तेव्हा मांसात काचेचे टोक जास्त खोल गेले. ऑब्सिडियनची कड काही नॅनोमीटरइतकी पातळ निघू शकते, पोलादाला तिथपर्यंत नेणे फार अवघड. पण काच ठिसूळ. हाडावर आपटली की तिचे तुकडे होतात. धार आणि चिवटपणा यांची ही ओढाताण आजच्या प्रत्येक पात्यातही आहे.

शिकाऱ्यांच्या जगात बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. 1 ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम. समजा एक बाण 400 ग्रेनचा, म्हणजे 26 ग्रॅमचा, आणि त्याचा वेग सेकंदाला 88 मीटर. दुसरा 650 ग्रेनचा, म्हणजे 42 ग्रॅमचा, आणि वेग 70 मीटर. दोघांची गतिज ऊर्जा काढली तर जवळपास सारखीच येते, 100 ज्यूलच्या आसपास. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, काढला तर पहिल्याचा 2.3 आणि दुसऱ्याचा 2.9. समोरून ठरावीक बलाचा विरोध होत असेल, तर बाण किती वेळ रेटा देत राहील हे संवेगावर ठरते. शिवाय मांसातला आणि द्रवातला विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे हलक्या आणि वेगवान बाणाची ऊर्जा सुरुवातीलाच जास्त खर्ची पडते. जाहिराती वेगाच्या असतात. आत घुसायला वजन जास्त उपयोगी पडते.

आता आकार. पाते म्हणजे भौतिकशास्त्रातली साधी पाचर. कमी रुंदीची, लांब पाचर हळूहळू चढते म्हणून तिला कमी बल लागते, घाटातला वळणावळणाचा रस्ता उभ्या पायवाटेपेक्षा बैलगाडीला सोपा पडतो तसे. 75 मिलिमीटर लांब आणि 25 मिलिमीटर रुंद अशा दोन धारांच्या पात्यात लांबीचे रुंदीशी प्रमाण 3 ला 1 येते. तीन-चार धारांचे, आखूड आणि रुंद पाते जखम मोठी करते, पण प्रत्येक धारेला कापायला वेगळे बल द्यावे लागते आणि उतार उभा होतो. टोकाचेही दोन प्रकार आहेत. काही पात्यांत धार थेट टोकापर्यंत येते आणि कातडीला लागताक्षणी कापायला सुरुवात करते. दुसऱ्या प्रकारात पुढे तिधारी सुळा असतो, तो आधी भोक पाडतो आणि मग मागची पाती कापतात. हा सुळा हाडावर मुडपत नाही, मात्र कातडी आणि केस फोडण्यातच बाणाची काही ताकद जाते.

एका बाजूनेच घासलेली धार हा यातला मला सर्वांत आवडणारा भाग. दोन्ही पात्यांचा उतार विरुद्ध बाजूंना असतो, त्यामुळे आत शिरताना मांसाचा आणि हाडाचा दाब पात्याला एकाच दिशेने पिळतो. पाते फिरत फिरत जाते आणि हाडाला भोक पाडून तिथेच रुतण्याऐवजी ते उकलते. पिसे दांडीवर त्याच दिशेला तिरपी चिकटवलेली हवीत. नाहीतर हवेत एका दिशेने फिरणारा बाण आत शिरताना उलट फिरायला बघतो आणि ताकद वाया जाते.

या विषयावर सर्वांत चिकाटीने काम केले ते एड ॲशबी यांनी. 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या रानम्हशींवर ते काम चालू ठेवले. चाचणीसाठी जेल किंवा फोमचे ठोकळे त्यांनी पुरेसे मानले नाहीत आणि ते बरोबरच होते. फोम दांडीला घट्ट धरून ठेवतो, जिवंत शरीरात रक्त वंगणासारखे काम करते. त्यांचा निष्कर्ष असा, की आधी बाण कुठेही न वाकता, न तुटता टिकला पाहिजे. मग तो सरळ उडाला पाहिजे. मग पात्याचा आकार आणि धार. जाड हाड भरवशाने फोडायचे असेल, तर बाण 650 ग्रेनच्या वर असावा, असेही त्यांनी सांगितले. हा आकडा हल्ली मंत्रासारखा म्हटला जातो, ते मला पटत नाही. तो रानम्हशीच्या फासळ्यांसारख्या जाड हाडांसाठी आहे. एल्कसाठी, 70 पौंड ओढीच्या कंपाउंड धनुष्यातून, 450 ते 550 ग्रेनचा बाण आणि मजबूत पाते एवढे पुरते. त्याहून जड बाणाचा उडण्याचा मार्ग जास्त वाकतो आणि अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तरी नेम पोटात जातो.

उलट बाजूचा पुरावाही मांडायला हवा. मेरिलँडमधल्या इंडियन हेड या नौदल तळावर पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीच्या बारकाईने नोंदी ठेवल्या गेल्या. बाण लागूनही हाती न लागलेल्या हरणांचे प्रमाण तिथे सुमारे 18 टक्के निघाले आणि पुढच्या विश्लेषणात स्थिर पात्यांपेक्षा लागताक्षणी उघडणाऱ्या पात्यांची कामगिरी सरस ठरली. ही उघडणारी पाती उडताना मिटलेली असतात, म्हणून सराव-टोकासारखीच, म्हणजे सरावासाठीच्या बिनपात्याच्या टोकासारखीच, सरळ जातात, आणि उघडल्यावर 50 मिलिमीटरपर्यंत कापतात. पण त्या हरणाचे वजन बहुतेक वेळा 60 ते 90 किलो असते. एल्कच्या खांद्याच्या हाडाला लागल्यावर उघडण्यासाठी खर्च झालेली ऊर्जा आणि सांध्यावर फिरणारे पातळ पाते, दोन्ही भारी पडतात. मोठ्या जनावरासाठी मी स्थिर पात्याच्याच बाजूने आहे.

स्थिर पात्याची खरी अडचण उडण्यात आहे. बाणाच्या पुढच्या टोकावर बसवलेली पाती म्हणजे पंखच. बाण किंचित तिरका सुटला, की हवा त्या पंखांना ढकलते आणि बाण आणखी भरकटतो. मागची पिसे त्याला ओढून सरळ आणतात. पात्याचे क्षेत्रफळ जितके जास्त, तितकी पिसे मोठी हवीत. टोक जड असेल तर गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि पिसांना जास्त लांबीचा हात मिळतो. पण जड टोकामुळे सुटताना दांडीही जास्त वाकते, तेव्हा दांडी तेवढी ताठ निवडावी लागते. म्हणून आधी सराव-टोक आणि मग ब्रॉडहेड, असे दोन्ही एकाच ठिपक्यावर मारून पाहतात. ब्रॉडहेड सतत डावीकडे लागत असेल, तर बाण ज्यावर टेकतो तो टेकू केसभर उजवीकडे सरकवतात. या कामाला संध्याकाळच्या संध्याकाळी जातात आणि त्या घालवण्यासारख्याच आहेत.

कायद्याचेही या पात्यावर बारीक लक्ष आहे. कोलोरॅडोत पाते किमान पाऊण इंचाहून थोडे जास्त, नेमके सांगायचे तर 7/8 इंच म्हणजे 22 मिलिमीटर, रुंद हवे आणि त्याला किमान दोन पोलादी धारा हव्यात. इशीचे ऑब्सिडियन तिथे बेकायदा ठरले असते. अनेक राज्यांत मागे वळलेले काटे असलेल्या टोकाला बंदी आहे, कारण असा बाण निसटून बाहेर पडत नाही आणि वाचू शकणारे जनावरही सडत मरते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कर्णी, म्हणजे काटेरी बाणाने लढू नये असा नियम आहे. कारण तेच, बाहेर काढता न येणारी जखम. 1972 मध्ये अमेरिकेने धनुष्यबाणाच्या सामानावरचा कर वन्यजीव संवर्धनाच्या निधीला जोडला. आपल्याकडे त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आज भारतात वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे, धनुष्याने असो वा बंदुकीने.

पोलादाबद्दल थोडेसेच. फार कडक पोलाद हाडावर टवके उडवते, फार मऊ असले तर धार वळते. चांगली पाती या दोहोंच्या मधली असतात. धार पाहायची एक सोपी रीत जुने शिकारी वापरतात. लहान चौकटीवर रबरबँड हलकाच ताणायचा आणि त्यावर पाते नुसते टेकवून पुढे सरकवायचे. धार असेल तर रबर लागताच तुटते. नसेल तर ते पात्याबरोबर पुढे ओढले जाते, थरथरते आणि मग कुठेतरी तुटते. धमनीही रबरासारखीच लवचिक असते. धार उजेडात धरली आणि कडेवर बारीक चमक दिसली, तर तिथे ती बोथट आहे, कारण खरी धार प्रकाश परतवण्याइतकी रुंद नसते. बाण टोकावर उभा करून बोटांनी गरकन फिरवला आणि टोकापाशी लडबड दिसली, तर पाते दांडीच्या रेषेत बसलेले नाही. असा बाण भात्यातून काढून ठेवावा.

सरावात फोममध्ये मारलेले पाते पुन्हा दगडावर घासल्याशिवाय जंगलात नेऊ नये. एका फेकीतच त्याची धार गेलेली असते. जास्त कार्बनचे पोलाद धार छान धरते, पण डोंगरातल्या दवाने रात्रीत गंजते, म्हणून मुक्कामावर परतल्यावर प्रत्येक पात्याला तेलाचा पातळ हात देतात आणि सकाळी निघण्यापूर्वी रबरबँड पुन्हा ताणतात.