विधिमंडळातील प्रश्न : शिक्षण व बालसेवा (नाशिक जिल्हा)

नाशिक जिल्ह्यातील शाळा, आश्रमशाळा, अंगणवाड्या आणि बालगृहे यांच्या कारभाराविषयी आमदारांनी विधानसभेत किंवा विधानपरिषदेत मंत्र्यांना रीतसर सूचना देऊन विचारलेले प्रश्न. ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी हवे तो तारांकित, लेखी उत्तरावर भागते तो अतारांकित. तातडीच्या बाबींसाठी अल्पसूचना प्रश्न आणि लक्षवेधी सूचना ही आयुधे आहेत. सरकारी कार्यालयांत या सगळ्यालाच सरसकट ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणण्याची पद्धत आहे. ‘एलएक्यू आलाय’ एवढे ऐकले की पंचायत समितीच्या शिक्षण विभागातली त्या दिवसाची बाकीची कामे बाजूला पडतात.

या प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. शीर्षक ‘बाबत’ने संपते आणि मंत्रिमहोदय ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात होते. मग क्रमाने उपविभाग येतात : अमुक तालुक्यातील शाळाखोल्या धोकादायक झाल्या आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरांची भाषाही तितकीच घोटीव असते. ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि शेवटच्या भागाला हमखास ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्याच भागात एखादा आकडा किंवा गावाचे नाव चुकले की ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळे होता येते आणि पुढचे सगळे भाग आपोआप गळून पडतात. म्हणून जाणता आमदार ‘दुरवस्था’ या शब्दावर विसंबत नाही. किती खोल्या, कोणत्या गावी, निर्लेखनाचा (मोडकळीला आलेली खोली दप्तरातून वगळून पाडण्याचा) प्रस्ताव कधी गेला, असे विचारतो. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच तारांकित प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. लेखी उत्तर यादीत छापलेले असतेच, त्यामुळे खरी झटापट होते ती उपप्रश्नांवर.

प्रश्न विचारण्याचा हक्क कायदेमंडळांना १८९२ च्या कायद्याने मिळाला, पण तेव्हा उपप्रश्नाची मुभा नव्हती. १९०९ मध्ये ती मिळाली, तीही मूळ प्रश्नकर्त्यालाच. १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही. हल्ली एका प्रश्नावर अनेक आमदारांची नावे असतात आणि नाशिकच्या शाळेविषयीचा प्रश्न दुसऱ्याच जिल्ह्यातील सदस्याच्या नावावर दिसणे अजिबात नवलाचे नाही.

जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी हे अनुसूचित जमातींसाठी, तर देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सुरगाणा तालुका कळवण मतदारसंघात, पेठ दिंडोरीत आणि त्र्यंबकेश्वर इगतपुरीत येतो. आश्रमशाळांचे आणि कुपोषणाचे प्रश्न प्रामुख्याने याच पट्ट्यातले. मालेगाव मध्यमध्ये यंत्रमाग कामगारांची मुले आणि उर्दू माध्यमाच्या शाळा यांचे प्रश्न पुढे येतात. विधानपरिषदेत नाशिक विभागाचा एक शिक्षक आणि एक पदवीधर मतदारसंघ आहे. नाशिकसह अहिल्यानगर, धुळे, जळगाव व नंदुरबार हे जिल्हे त्यांत येतात. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक दर्जाच्या खालच्या शाळेतील शिक्षकाला मत नसते. त्यामुळे अनुदानाचा टप्पा, संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांना मंजुरी), जुनी पेन्शन, शालार्थ आयडी (पगारासाठीचा ओळख क्रमांक) हे विषय परिषदेत हिरिरीने मांडले जातात. जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेतले गुरुजी आणि अंगणवाडी सेविका यांचा तिथे हक्काचा आमदार नाही. हा तोल राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदातच गेलेला आहे.

प्रश्न कोणाला विचारायचा, ही या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट. मूल एकच असले तरी खाती वेगवेगळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर शालेय शिक्षण विभाग. पण तिची इमारत, वर्गखोल्या यांचा प्रश्न ग्रामविकास विभागाकडेही जाऊ शकतो. महापालिकेच्या शाळेत असेल तर नगरविकास. सहा वर्षांखालचे असेल आणि अंगणवाडीत जात असेल तर महिला व बालविकास. आश्रमशाळेत असेल तर आदिवासी विकास. राज्यात सुमारे ५०० शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्यांचा कारभार जिथून चालतो ते आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, म्हणून राज्यभरच्या आश्रमशाळांचे मोर्चेही नाशिकवरच येतात. रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध २०२५ मध्ये आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले ते याच कारणाने. शिक्षण आयुक्तालय मात्र पुण्यात आणि एकात्मिक बालविकास सेवेचे नवी मुंबईत.

खात्यांच्या या वाटणीत काय निसटते, हे इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील प्रकरणात दिसले. कातकरी कुटुंबांतील मुले मेंढपाळांकडे राबायला दिली जात असल्याचे २०२२ मध्ये एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीला आले. वेठबिगारी म्हणून पाहिले तर १९७६ च्या कायद्यानुसार जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची, बालमजुरी म्हटले तर कामगार विभागाची, काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक म्हटले तर बालकल्याण समितीची, शाळाबाह्य मूल म्हटले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची आणि आदिम जमात म्हटले तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची. अशा बाबीवर एका मंत्र्याला विचारलेला प्रश्न फार तर पाचवा हिस्सा उत्तर मिळवतो.

अंगणवाडीविषयीचे प्रश्न तुलनेने मोजता येण्याजोगे असतात, कारण योजनेतच मापे दिलेली आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवेत सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला वर्षातून ३०० दिवस, रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार मिळायला हवा. तीव्र कमी वजनाच्या बालकाला ८०० उष्मांक. किती दिवस आहार दिला, टीएचआरची (घरी नेण्याच्या आहाराची) पाकिटे कधी पोचली, सॅम आणि मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) बालके किती, सेविका-मदतनिसांची पदे किती रिक्त, असे विचारले की उत्तर गुळमुळीत देणे कठीण जाते. फक्त आकडे कोणत्या तारखेचे, ते पाहावे लागते. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला उतरतात. त्या महिन्यांत गावच्या अंगणवाडीच्या पटावर असलेले मूल प्रत्यक्षात बागेच्या कडेला झोळीत असते, आणि दोन्हीकडच्या आकडेवारीत ते धडपणे सापडत नाही. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतराच्या गावी शाळेत दाखवायचे शिक्षण हमी कार्ड आहे. झोळीतल्या मुलाला ते कार्ड नाही.

शाळांच्या बाबतीत २०१० पासून शिक्षण हक्क कायदा हा प्रश्नकर्त्यांचा मुख्य आधार. त्यातील २५ टक्के राखीव प्रवेशांवर राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेली सूट मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केली. कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा विषय नाशिकमध्ये जास्त तापला. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ म्हणत शेळ्यांसह जिल्हा परिषदेकडे निघाली. त्याच वर्षी मार्चमध्ये जिल्हा परिषद आणि नाशिक महापालिका या दोन्हींची मुदत संपून प्रशासक बसले होते. पुढची काही वर्षे जिल्हा परिषदेच्या गटात सदस्य नाही आणि महापालिकेच्या प्रभागात नगरसेवक नाही. गळक्या छताची तक्रारही आमदारामार्फत थेट मुंबईला किंवा हिवाळ्यात नागपूरला जाऊ लागली.

प्रश्न मान्य झाल्यावर त्याचा उलटा प्रवास सुरू होतो. मंत्रालयातील कार्यासन (डेस्क), आयुक्तालय, विभागीय उपसंचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. ‘आज दुपारपर्यंत माहिती सादर करावी’ हा निरोप आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. बऱ्याचदा उत्तर छापून येण्याआधीच काम झालेले असते. खोळंबलेला पोषण आहाराचा तांदूळ पोचतो, रखडलेल्या पाहणीला अभियंता येतो, आणि मग ‘सदर कार्यवाही पूर्ण झाली आहे’ असे खरेखुरे लिहिता येते. सभागृहातल्या उत्तरापेक्षा या आठ-दहा दिवसांच्या धावपळीतच प्रश्नाचा खरा उपयोग असतो, असे म्हणायला हरकत नाही. चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाची टांगती तलवार असते. मंत्र्याने सभागृहात ‘चौकशी करण्यात येईल’ म्हटले की ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. जिल्हा परिषदेच्या कारभाराची तपासणी विधिमंडळाची पंचायत राज समिती, म्हणजे बोलीत ‘पीआरसी’, दौऱ्यावर येऊन करते. तिच्या दौऱ्याआधी शाळांच्या भिंतींना रंग लागतो, ही या विषयावरची जुनी कोटी.

प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाकडून प्रसिद्ध होतात. ज्या मुख्याध्यापकाने दुपारपर्यंत माहिती भरून पाठवली, त्याच्याकडे छापील उत्तराची प्रत पाठवण्याची पद्धत मात्र नाही.