सातबारा मोबाइलवर, पण शिक्का कुठाय?

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर एक ओळ छापलेली असते: यावर वेगळ्या सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. शेतकऱ्याला ते मान्यच असतं. पटायला हवं ते पुढच्या टेबलावरच्या कारकुनाला. त्याने "तलाठ्याचा शिक्का आणा" म्हटलं, की पुढच्या खेपेला माणूस मोबाइल उघडत नाही, सरळ तलाठी कार्यालय गाठतो.

लोक नवं तंत्र का स्वीकारतात, याचा संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेला आराखडा आजही वापरला जातो. ते कामाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, हे दोन प्रश्न. त्यांच्या पाहणीत कामाचं असण्याचं पारडं जड निघालं. उपयोग असेल तर माणूस थोडी कटकट सोसतो.

याचा पुरावा आपल्याकडे १५ रुपयांत मिळतो. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट दिसतो, पण केवळ माहितीसाठी. कायदेशीर कामाला तो चालत नाही. १ मे २०१८ पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याला १५ रुपये पडतात. तरी लोक तोच काढतात.

ही स्वाक्षरी म्हणजे सहीचं चित्र नव्हे. उताऱ्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेली ती खूण असते. क्षेत्राचा एक आकडा बदलला तरी जुळत नाही. रबरी शिक्क्याची नक्कल त्याहून कितीतरी सोपी, पण विश्वास अजून जांभळ्या शाईवरच.

याच प्रश्नावर २००३ मध्ये संशोधक विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या आराखड्यात आजूबाजूच्यांचं मत आणि मदतीची सोय हेही मुद्दे आले. आपल्याकडे ही सोय म्हणजे सेतू केंद्र, नाहीतर कॉलेजात जाणारा पुतण्या. त्यांच्याकडून अर्ज भरून घेणाऱ्याला अडाणी ठरवू नये. काही चुकलं तर विचारायला समोर कुणीतरी हवं, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

१५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचं गणित जरा उलटं आहे. पीकपेरा आधी तलाठी नोंदवायचे. आता शेतकऱ्याने शेतात उभं राहून ॲपमध्ये फोटो काढायचा. काम आज, फायदा झालाच तर काही महिन्यांनी. त्यात रेंज गेली, की उत्साहही जातो. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपयांची मदत आधी या नोंदीवरच ठरणार होती. नोंद राहिलेले शेतकरी इतके निघाले, की शेवटी सातबाऱ्यावरची पिकाची नोंदही चालेल, असं सरकारला म्हणावं लागलं.