सेन (आयकिडो शस्त्रसराव)

सेन : जपानी युद्धकलांत लढतीचा पुढाकार आणि तो नेमका कधी घ्यायचा याचे भान. आयकिडोत ते सर्वांत उघडे पडते बोक्केन (लाकडी तलवार) आणि जो (सुमारे 128 सेंमी. लांबीची काठी) यांच्या जोडीसरावात. नुसत्या हातांच्या झटापटीत हुकलेली वेळ ताकदीने निभावून नेता येते. लाकूड हाती आले की ती सोय राहत नाही.

सेनचे साधारण तीन प्रकार मानतात. वार येऊ देऊन मग उलटवार करणे हे गो-नो-सेन, वार सुटत असतानाच आपला घालणे हे सेन-नो-सेन आणि समोरच्याचा बेत ठरला पण अंग हलले नाही तेवढ्यात त्याला गाठणे हे सेन-सेन-नो-सेन. प्रत्यक्षात यांच्या सीमा कागदावर दिसतात तितक्या स्पष्ट नसतात.

‘मिगी नो आवासे’ हा प्राथमिक सराव पाहावा. उचिताची (वार करणारा) डोक्यावर सरळ वार करतो. उकेताची (वार घेणारा) उजवीकडे सरकत, त्याच्याच लयीत तलवार उचलून त्याच्या मनगटापाशी आणतो. घाई केली तर उचिताचीला वाराची दिशा बदलायला सवड मिळते, रेंगाळले तर बोक्केन कपाळावर. नवशिके उशीर झाला की हात जोरात चालवतात. बहुतेकदा मुळात चुकलेले असते ते मा-आई, म्हणजे दोघांमधले अंतर.

आयकिडोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (1883–1969) यांनी 1937 मध्ये काशिमा शिंतो-र्यू या जुन्या तलवार-परंपरेत रीतसर प्रवेश घेतला होता. 1942 पासून इबाराकी प्रांतातील इवामा येथे त्यांनी तलवार आणि काठीवर भर दिला. तेथे 1946 मध्ये आलेले मोरिहिरो साइतो (1928–2002) यांनी या शिकवणीला कुमिताची (तलवारीचे जोडीसराव) आणि कुमिजो (काठीचे) अशी शिस्तबद्ध मांडणी दिली. आधी थांबतथांबत, मग न थांबता वाहत्या लयीत, हा त्यांचा क्रम.

आयकिडोत पहिला वार आपण करायचाच नाही, हा सर्रास ऐकू येणारा समज अर्धवट आहे. उएशिबांच्या 1938 च्या तंत्रपुस्तिकेत समोरून वाराच्या तंत्राची सुरुवात तंत्र करणाराच करतो : तो हात पुढे टाकतो, समोरच्याला तो अडवावा लागतो आणि अडवायला वर आलेला समोरच्याचा हात पकडीत सापडतो.